सत्तावीस नंबरचं इंजिन

गेली चार वर्षं मी चहाचा कप अर्धाच भरते. कोणी विचारलं तर ॲसिडिटीचं नाव पुढे करते. खरं कारण असं की माझा उजवा हात थरथरतो. भरलेला कप बशीत सांडतो, मग समोरचा माणूस आधी बशीकडे बघतो, मग हाताकडे आणि मग माझ्या तोंडाकडे. ते तिसरं बघणं मला सहन होत नाही.

हात ही माझी एकमेव ऐट होती. दिसायला मी चारचौघींसारखी, शिक्षण बारावी, आवाज घोगरा. पण अंधेरीला निर्यातीच्या झोनमधल्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं सोल्डरिंग केलं आणि तिथे माझा हात नावाजलेला होता. तांदळाच्या दाण्याहून लहान पार्ट बोर्डावर बसवायचे, तापलेली इस्त्री टेकवायची, कथलाची तार लावायची, उचलायचं. सोल्डरिंगच्या त्या पेनासारख्या हत्याराला आम्ही लाइनवरच्या बायका इस्त्रीच म्हणायचो. प्रत्येकीला एक नंबर होता. बोर्ड पुरा झाला की कोपऱ्यात आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. माझा सत्तावीस.

तपासणीतून एखादा बोर्ड परत आला की आमच्या सुपरवायझर बाई लाइनच्या तोंडाशी उभ्या राहून विचारायच्या, "सत्तावीस कोण?" सत्तावीस कोण हे त्यांना चांगलं माहीत असायचं. तरी विचारायच्या, आणि सगळ्यांसमोर आपण हात वर करायचा. शिक्षा एवढीच. पहिल्या वीसेक वर्षांत माझ्यावर ती पाळी फार क्वचित आली. शेवटच्या वर्षी मात्र आठवड्याला येऊ लागली, आणि वर केलेला हातच थरथरताना सगळ्या लाइनला दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, यानं काही धोका नाही, फक्त बारीक काम टाळा आणि चहा-कॉफी कमी करा. बारीक काम टाळा म्हणे. मी दुसरं केलं काय होतं आयुष्यात?

कंपनीने मला पॅकिंगला टाकलं. घरी येऊन मी सांगितलं की मला बढती मिळाली. नुसतं सांगितलं नाही, पेढेसुद्धा वाटले. नवऱ्याने एक खाल्ला, एक दादाकडे पाठवला. तो पेढा पुढे किती दिवस माझ्या घशात अडकून होता ते माझं मला माहीत. पॅकिंगमध्ये दोन वर्षं काढली आणि लवकर रिटायर झाले. घरी आले आणि माझी स्वतःची इस्त्री कपाटाच्या वरच्या खणात टाकून दिली.

दादा माझा मोठा भाऊ. मी नाहूरला, तो मुलुंडला. आमचे बाबा मालवणकडून येऊन परळच्या गिरणीत लागले, दादा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर झाला, मी झोनमध्ये. रिटायर झाल्यावर लोक देवधर्म करतात, दादाने बाल्कनीत रेल्वे आणली. खेळण्यातली म्हटलं की तो चिडतो. मॉडेल म्हणायचं. वहिनीची तुळस तेवढी बाल्कनीत राहिली, बाकीच्या कुंड्या जिन्यात गेल्या आणि त्यांच्या जागी प्लायवूडवर रूळ, बोगदा, सिग्नल आणि काडेपेट्यांचं एक स्टेशन आलं. दोन रुळांतलं अंतर नऊ मिलीमीटर. इंजिन माझ्या मधल्या बोटाएवढं.

गणपतीनंतर एका सकाळी तो माझ्याकडे आला. हातात मिठाईचा रिकामा खोका, खोक्यात कापूस, कापसात एक निळं इंजिन. सोबत एका पुडीत दोन डीकोडर.

"बसवून दे," म्हणाला.

डीकोडर म्हणजे काय ते त्याने मला समजावलं. तशी गरज नव्हती, पण त्याला समजवायला आवडतं. जुन्या पद्धतीत रुळात करंट सोडला की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळतात. नव्या डिजिटल पद्धतीत करंट सतत असतो आणि त्यातूनच हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डीकोडर बसवायचा, त्याला एक नंबर द्यायचा. आपला नंबर पुकारला की तेवढंच इंजिन हलतं, बाकीची गप्प उभी राहतात. त्यांच्या ग्रुपमधल्या सात-आठ जणांनी दिवाळीआधीच्या रविवारी मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आपापली टेबलं जोडून मोठी लाइन मांडायचं ठरवलं होतं. सगळी इंजिनं डिजिटल हवीत ही अट. दादाचं हे एकुलतं एक चांगलं इंजिन, तेही जुन्या पद्धतीचं.

"माझे हात बघ," तो म्हणाला. फिटरचे हात, एकेक बोट भेंडीच्या दुप्पट. "याच्या वायरी केसासारख्या आहेत गो. तूच कर. तुझ्यासारखा हात अख्ख्या मुंबईत नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं, ठेव, बघते.

इस्त्री खाली काढली. दादा गेल्यावर तिच्या टोकाचा काळा थर घासून काढताना मला रडू आलं हे इथे लिहून टाकते, कारण तेव्हा कोणी बघितलं नाही. भीती एकच होती. पॅकिंगला टाकलं तेव्हा निदान मला म्हणता येत होतं की त्यांनी टाकलं. इथे टाकणारं कोणी नव्हतं. हे इंजिन माझ्याकडून झालं नाही तर हात संपला, आणि तो निकाल मी स्वतः वाचणार होते.

काम तसं कथलाच्या पाच-सहा टाक्यांचं. डीकोडर माझ्या करंगळीच्या नखाएवढा. त्याच्या लाल आणि काळ्या वायरी रुळाकडून करंट घेणार, नारिंगी आणि करडी मोटरला देणार, उरलेल्या दिव्यांना. धोका एका ठिकाणी. जुन्या इंजिनात मोटर सांगाड्याला टेकलेली असते आणि सांगाडा रुळाला जोडलेला असतो. तो संबंध पुरता तोडावा लागतो. मोटरची तांब्याची पत्री कुठे केसभर जरी सांगाड्याला लागली, तर रुळाचा करंट उलटा डीकोडरमध्ये शिरतो आणि डीकोडर जळतो. मी पत्र्या वाकवल्या, मध्ये उष्णता सोसणारी पिवळी टेप लावली, मीटरची एक टोचणी मोटरला आणि दुसरी चाकाला लावली. संबंध असेल तर मीटर वाजतो. वाजला नाही.

मग टाके. ते कसे केले ते सांगण्यासारखं नाही. चार दिवस लागले. एकदा इस्त्री निसटून टेबलाला डाग पडला, एकदा बोटाला. नवऱ्याला म्हटलं, चकली तळताना भाजलं. तो म्हणाला, चकली कुठाय? शेवटी टाके लागले, पण माझ्या जुन्या टाक्यांसारखे गोल आणि चकचकीत नव्हते. एकाला तर चक्क शेंडी आली होती. बाईंनी बघितला असता तर लाइनभर फिरवला असता.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादा त्याचा टेस्टचा रूळ आणि कंट्रोलर घेऊन आला. टेस्टचा रूळ हातभर लांब असतो, त्यात करंट अगदी कमी, म्हणजे चूक असली तरी काही जळत नाही. कंट्रोलरवरून डीकोडरला त्याचा नंबर विचारायचा. नवा असेल तर तो तीन सांगतो. सांगतो म्हणजे बोलत नाही, मोटरला बारीकसे झटके देतो. इंजिन जागच्या जागी थरथरतं आणि कंट्रोलरला उत्तर कळतं. आमचं थरथरलं. पडद्यावर तीन आला.

"बघ," दादा म्हणाला. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

दसऱ्याला सकाळी दादा आपट्याची पानं घेऊन आला, सोबत त्याचा गोल रूळ. वर्कशॉपमध्ये दसऱ्याला लेथपासून हातोडीपर्यंत सगळ्यांना हार पडायचे. आमच्या कंपनीतही इस्त्र्यांना हळदकुंकू लागायचं. त्यामुळे इंजिनाची पूजा करायची हे आम्ही ठरवलंसुद्धा नाही, ते होतंच. मी ताट केलं, इस्त्री ठेवली, मीटर ठेवला, मधोमध इंजिन, वरचं कवच अजून काढलेलंच. दादाने फुलवालीकडून बोटभर झेंडूचा हार मुद्दाम करून आणला होता. तिने हौसेने त्यात सोनेरी जर गुंफली होती. हार घातला, कुंकू लावलं, अगरबत्ती ओवाळली. नवरा लांबून म्हणाला, आता याला पेढा भरवा. मग हार काढला, इंजिन उचललं आणि दादाने ते सरळ गोल रुळावर ठेवलं, टेस्टच्या रुळावर नाही. काल उत्तर आलं होतं ना? आणि सणाचा दिवस, कोण थांबतंय.

करंट सोडला. इंजिन हललं नाही. त्याच्या पोटातून एक बारीक करडी रेघ वर आली आणि तो वास आला. ज्याने इलेक्ट्रॉनिक्समध्ये दिवस काढलेत त्याला तो वास दुसऱ्या खोलीतूनही ओळखता येतो. दादाने बटण बंद केलं तोवर काम झालं होतं.

"जाऊ दे गं, दुसरा आहे," दादा म्हणाला. "रेल्वेत स्पेअरशिवाय काम चालत नाही."

मी म्हटलं, "चहा टाकते," आणि आत गेले. ओट्याशी उभी राहून उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला. शेंडीवाला तो टाका डोळ्यांसमोरून हलेना. सत्तावीस कोण? मीच. दादा निघाला तेव्हा मी इंजिन परत द्यायला लागले, त्याने घेतलं नाही. म्हणाला, सवडीने कर.

आठ दिवस त्या खोक्याला मी हात लावला नाही. नवव्या दिवशी ठरवलं, जळका डीकोडर काढून टाकायचा, इंजिन होतं तसं करायचं आणि दादाला सांगायचं की दुसरा कोणी बघ. खिडकीशी बसले, डोळ्याला भिंग लावलं आणि आधी तो शेंडीवाला टाका पाहिला. वाकडातिकडा होता, पण पक्का होता. दुसरा पाहिला. तोही पक्का. मग टाक्यांवरून नजर खाली गेली आणि मोटरची पत्री आणि सांगाडा यांच्या मधल्या फटीत काहीतरी चमकलं.

जर होती. झेंडूच्या हारातली, सोनेरी, एखाद्या सेंटिमीटरची. कुंकवाच्या ओलीने तिथेच चिकटून वाळली होती. एक टोक पत्रीला, दुसरं सांगाड्याला.

मीटर लावला. वाजला. चिमट्याने जर काढली. पुन्हा लावला. गप्प. मग खात्री म्हणून, किंवा खरं तर आनंद म्हणून, मी ती जर परत तिथे ठेवून मीटर वाजवून घेतला. तीनदा. नवरा म्हणाला, काय चाललंय, बेल वाजतेय, दार उघडू का?

म्हणजे टाके बरोबर होते. डीकोडर आम्ही पूजेने मारला होता. आणि चूक माझी नव्हती असंही नाही. बाईंचा एक नियम होता: बोर्डाला कोणाचाही हात लागला की पुन्हा मीटर लावायचा. कोणाचाही म्हणजे कोणाचाही. आम्ही देवाचा हात त्यात धरला नाही.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. दादा फार ओशाळला की त्याची मालवणी बाहेर येते.

"माजा चुकला गो," म्हणाला. "हार मीच आणलंय."

"ताट मी केलं होतं."

"मग आता दुसरा बसव."

आणि इथे, का कोण जाणे, मी सांगून टाकलं. की माझा हात थरथरतो. की बढती-बिढती काही नव्हती, लाइनवरून काढलं होतं. की ते पाच-सहा टाके घालायला चार दिवस लागले आणि बोट भाजलं. एवढं बोलून मी थांबले आणि वाट बघत राहिले.

"माहीत आहे," दादा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुझा कप बघतो ना मी. चार वर्षं अर्धाच भरतेस. ॲसिडिटी झालेली बाई वडे हाणत नाही एवढे."

मला राग आला. खरोखर आला. म्हटलं, "माहीत होतं तर मला कशाला दिलंस हे काम? मजा बघायला?"

"अगं, हात थरथरतो म्हणून काय झालं? कुठला टाका कुठे घालायचा ते डोक्यात आहे ना? ते माझ्या डोक्यात नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये कोणाचा हात हलत असला तर आम्ही त्याला घरी नाही पाठवायचो. जॉब बांधायचो घट्ट. थांब, उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा त्याच्याकडे सागाच्या फळीचा एक तुकडा होता. फळीवर एक छोटा शेगडा, म्हणजे व्हाइस, इंजिन न खरचटता धरणारा, आतून चामडं लावलेला. दोन्ही बाजूंना कपड्याचे लाकडी चिमटे, त्यांच्या टोकांना तांब्याच्या काड्या, कुठेही वळतील अशा. वायर एका चिमट्यात धरायची आणि जिथे टाका हवा तिथे टेकवून ठेवायची. मग माझ्या हाताला धरायचं काही उरत नाही. इस्त्री टेकवायची आणि उचलायची. त्याने रात्रभर नव्हे, दुपारभर बसून केलं होतं ते, आणि वहिनीचे चिमटे न विचारता घेतले म्हणून बोलणीही खाल्ली होती.

माझ्याकडूनही काही भर पडली. मुगाची एक चपटी पिशवी शिवली आणि मनगटाखाली घेतली. चहा न पिता सकाळी काम करून पाहिलं, तर हात खूपच शांत. आणि आणखी एक गोष्ट कळली, जी लाइनवर घाईत कधी कळली नसती. थरथर काही एकसारखी नसते. श्वास पुरता सोडला की मध्ये एक विसावा येतो, छोटासा. टाक्याला तेवढा पुरतो. पूर्वी मी हात थांबवायला बघायची, आता तो थांबण्याची वाट बघायला लागले.

दोन सकाळी लागल्या. टाके अगदी जुन्यासारखे नाहीत, पण शेंडी एकालाही नाही. प्रत्येक टाक्यानंतर मीटर. कवच घालायच्या आधी मीटर, घातल्यावर मीटर. दादा मध्ये एकदा इंजिन नुसतं हातात घेऊन बघायला गेला, तर मी परत मीटर लावला. त्याने तोंड वाकडं केलं. टेस्टच्या रुळावर इंजिन थरथरलं, तीन आला.

"आता नंबर दे त्याला," दादा म्हणाला. "तीन सगळ्यांचाच असतो. दोघांचा एक झाला तर दोन्ही एकदम धावतील."

मी विचार केला नाही. दोन दाबलं, सात दाबलं. दादाने पडद्याकडे बघितलं आणि चष्मा पुसत बसला.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सात टेबलं जोडून लाइन मांडली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एकाने खंडाळ्याचा घाट केला होता, एकाने खाडी आणि तिच्यावरचा पूल. बघायला आलेले लोक दोरीच्या मागे. मी दादाच्या टेबलापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. सगळ्यांत वयस्क एक काका मधोमध बसून गाड्या सोडत होते. एक वही, एक कंट्रोलर आणि कायम आठ्या. ज्या गाड्या धक्के खात निघत होत्या त्यांच्या मालकांना ते सगळ्यांदेखत झाडत होते.

आमचं निळं इंजिन आठ डबे घेऊन निघालं. काकांनी त्याला सगळ्यांत कमी वेग दिला. मिनिटाला हातभर असेल नसेल, तेवढ्याच गतीने ते घाट चढायला लागलं. थांबलं नाही, अडखळलं नाही. बोगद्यात गेलं. बोगदा लांब होता. मी मनात आकडे मोजायला लागले. पलीकडून त्याचा दिवा दिसला, मग ते दिसलं, मग एकामागून एक आठही डबे.

काकांनी कंट्रोलर खाली ठेवला. वहीत बघितलं, मान वर केली आणि हॉलभर नजर फिरवत खणखणीत आवाजात विचारलं, "सत्तावीस कोण?"

मी आधी रुळांकडे बघितलं, काय चुकलं म्हणून. मग दादाकडे. तो छताच्या पंख्याकडे बघत होता, जसं काही त्याचा त्या इंजिनाशी संबंधच नाही.

मी उजवा हात वर केला. तो थरथरत होता आणि हॉलमधल्या सगळ्यांना दिसत होता. मी दुसऱ्या हाताने तो धरला नाही.

"मी," म्हटलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. आधी हाताकडे, मग तोंडाकडे. "इतकं हळू माझं एकही चालत नाही," ते म्हणाले. "तीन आहेत घरी, जुन्या पद्धतीची. बसवून द्याल?"

"आणा," मी म्हटलं. "पण सकाळी आणा, माझ्या चहाच्या आधी. चहा झाला की हात जास्त हलतो."